तारेवरचं भांडण

ही १९७८ सालची गोष्ट. पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या कडेनं तेव्हा टेलिफोनची एक तार जायची आणि त्या एका तारेवर तीन गावं लोंबकळत होती: पुलगाव, रोहणा आणि आर्वी. एकानं हँडल फिरवलं की तिन्हीकडे घंटी वाजायची. बोलावणं कुणाला आहे ते घंटीच्या तऱ्हेवरून ओळखायचं. रोहण्याची घंटी दोन आखूड, आर्वीची एक लांब. ज्याला बोलावलं नाही त्यानं रिसिव्हर उचलायचा नाही, असा सरकारी नियम होता. नियम सरकारी असल्यामुळे तो कुणी पाळत नसे.

पुलगावच्या बोर्डावर नलू भोयर बसायची. सत्तावीस वर्षांची, सडपातळ, जिभेची तिखट. कानाला हेडफोन लावला की तिला साऱ्या जगाचं राज्य मिळाल्यासारखं वाटे. आर्वीच्या बोर्डावर मंदाबाई होत्या. इतक्या गरीब स्वभावाच्या की रॉंग नंबर लागला तरी त्याच माफी मागायच्या. रोहण्यात बोर्ड नव्हता. तिथं गावाला मिळून एकच फोन होता आणि तो रूपराव ढगे यांच्या ओसरीवर होता, कारण गावच्या टपालाचं काम रूपरावांकडे होतं. कागदावर फोनही त्यांच्याच नावानं. पण रूपराव सकाळी उठून वांग्याच्या वाडीत जात आणि बोलायला तर त्यांना मुळातच जड जाई. फोन सांभाळायची त्यांची बायको, आनंदाबाई.

तारेवर एकमेकींचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. जिच्या गावाचा फोन, तिला त्या गावाच्या नावानं हाक. त्यामुळे आनंदाबाई म्हणजे ‘रोहणा’ आणि नलू म्हणजे ‘पुलगाव’. दोघींनी कधी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण सहा वर्षं रोज सकाळी त्या भांडत होत्या.

रोज सकाळी पुलगावनं तार तपासायची असे. नलू दोन आखूड घंट्या द्यायची आणि म्हणायची, “पुलगाव बोलते. रोहणा, टेस्टिंग.”

यावर ‘ओके’ म्हणून रिसिव्हर ठेवायचा, एवढंच काम. पण रोहण्यानं ते साधं काम कधी साधेपणानं केलं नाही.

“उठली का वं पुलगाव? मले वाटलं, आज झोपूनच राह्यली.”

“तुमच्या गावातले कोंबडे उशिरा उठत असतील रोहणा, मी तर केव्हाची बसून राह्यली.”

“हाव, बसूनच राह्यली. काम कधी करशीन?”

इथून सुरुवात. मग भरीत कच्च्या तेलात चांगलं की फोडणीत, यावरून भांडण. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालाव्या की तांदळाच्या, यावरून भांडण. खरखर पुलगावच्या बाजूनं येते की रोहण्याच्या, यावरून तर आठवड्यातून एकदा. आर्वीच्या मंदाबाई हळूच रिसिव्हर उचलून ऐकत बसायच्या आणि मध्येच हसू फुटलं की पकडल्या जायच्या.

“आर्वी, तू सांग, खरं कोन?” आनंदाबाई विचारायची.

“दोघीही खऱ्या आहात बाई,” मंदाबाई म्हणायच्या.

“इले काई इचाराचं म्हंजे भिताडाले इचाराचं,” असं म्हणून आनंदाबाई रिसिव्हर आपटायची. तो आपटण्याचा आवाज कानात पडला की नलूचा दिवस सुरू होई.

त्या साली पोळ्याच्या आधी घड्याळावरून मोठं भांडण झालं. रोहण्याच्या ओसरीवरचं घड्याळ पुढं आहे असं नलूचं म्हणणं, आणि पुलगावचं मागं आहे असं आनंदाबाईचं. चार दिवस दोघीही हटल्या नाहीत. पाचव्या दिवशी नलूनं शक्कल केली. टेस्टिंगच्या वेळी शेजारच्या खोलीतला रेडिओ मोठा करायला लावला आणि बातम्यांच्या आधीची वेळ तारेवर ऐकवली. रोहण्याचं घड्याळ चांगलं सात मिनिटं पुढं निघालं. तिकडे मंदाबाई खुदकन हसल्या.

आनंदाबाई म्हणाली, “रेडिओवाल्याचंच घड्याळ मागं असन,” आणि रिसिव्हर ठेवला. आपटला नाही, ठेवला.

नलू दिवसभर फुशारली. संध्याकाळी नवऱ्याला, बंडूजीला, तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. बंडूजी मिलमध्ये होता. मान डोलावून ‘वा वा’ म्हणाला आणि जेवायला बसला.

पुढं पोळ्याच्या सुट्या आल्या. आठवड्यानं कामावर परतल्यावर नलूनं मोठ्या उत्साहानं दोन घंट्या दिल्या.

“पुलगाव बोलते. रोहणा, टेस्टिंग.”

“ठीक आहे,” एक पुरुषी, दबका आवाज म्हणाला.

नलूला वाटलं, भलतीकडेच लागलं. “कोण बोलून राह्यलं?”

“रूपराव.”

“बाई कुठं गेल्या?”

“घरीच हाय.”

“मग बोलवा ना.”

“कामात हाय थे,” रूपराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ‘ठीक आहे’ आणि ‘कामात हाय’. नलूनं ताडलं: बाई रुसली. घड्याळाचं मनाला लागलं. आधी तिला गंमत वाटली, मग राग आला, मग कशातच मन लागेना. बोर्डावर हात चालायचा, पण प्लग एका भोकातून काढून दुसऱ्यात घालताना ती उगाच थांबायची. एकदा हिंगणघाटच्या कापसाच्या दलालाला तिनं पुलगावच्या दवाखान्याशी जोडून दिलं आणि तो सरकीचा भाव विचारत राहिला. घरी आली की भांडी आदळायची. भरीत फोडणीत केलं, मग तिलाच आवडलं नाही.

भांडण ही काही बाजारातून आणण्यासारखी वस्तू नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिनं बंडूजीशी भांडून पाहिलं.

“तुमाले माझं काई पटतच नाई,” ती म्हणाली.

“पटते ना,” बंडूजी म्हणाला.

“काय पटते?”

“तू म्हणशीन थे.”

असल्या माणसाशी कोण भांडणार? तिनं मंदाबाईंवर प्रयोग केला. “आर्वी, तुमच्याकडची संत्री आंबट असतात.” “असतात बाई कधीकधी,” मंदाबाई म्हणाल्या, आणि विषय जन्मण्याआधीच मेला.

शेवटी एके सकाळी नलूनं हार पत्करली. रूपरावांनी ‘ठीक आहे’ म्हटल्यावर ती मोठ्यानं, मंदाबाईंनाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “बाईले सांगा, त्याहीचंच घड्याळ बरोबर हाये. आमचं मागं हाये. रेडिओचंबी मागं हाये.”

सहा वर्षांत पहिल्यांदा ती हरली होती, आणि जिंकणारी ती जीत घ्यायलाही आली नव्हती.

याच सुमाराला तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. तीन गावांच्या तारेवर दोघं बोलत असताना तिसऱ्यानं रिसिव्हर उचलला की आवाज बारीक होतो, खाली कुणी नळ सोडला की वरची धार बारीक होते तसा. बोर्डावर बसणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. टेस्टिंग झाल्यावर नलू आर्वीशी बोलायला लागली की मंदाबाईंचा आवाज बारीक होई. म्हणजे रोहण्याचा रिसिव्हर खाली ठेवलेलाच नसे. कुणीतरी ऐकत असे, आणि एक शब्द बोलत नसे. नीट कान दिला तर श्वासही ऐकू येई.

आनंदाबाई असती तर गप्प बसलीच नसती, इतकं नलूला पक्कं ठाऊक होतं. मग उरले रूपराव. बायको रुसून बसली आहे आणि हा माणूस दोन बायकांचं बोलणं चोरून ऐकतो आहे!

तिच्या साऱ्या तगमगीला एकदम वाट मिळाली. “कोण हाये तिकडं?” ती तारेवर ओरडली. “लाज नाई वाटत? चांगल्या घरचे म्हणवता अन् दुसऱ्याच्या बायाचं बोलणं ऐकता? ठेवा खाली! ठेवा म्हणते ना!”

खट्‌. आवाज मोकळा झाला. मंदाबाई घाबरून म्हणाल्या, “माझ्याच्यानं चुकलं का काही?”

दुसऱ्या सकाळी पुन्हा आवाज बारीक झाला. नलू आणखी तापून बोलली. तिसऱ्या सकाळी पुन्हा. तेव्हा ती उठून सुपरवायझर मनोहररावांच्या टेबलाशी गेली आणि रोहण्याला कुणी लाइन चोरून ऐकतं, अशी तक्रार केली.

मनोहरराव खानदेशातून बदलून आलेले, नियमाचे पक्के. म्हणाले, “हा गंभीर प्रकार आहे. मंगळवारी लाइनमन चिंधूला पाठवतो. खरं निघालं तर तिथला फोन काढून दुसऱ्याकडे देऊ. तिथला तो किराणावाला ताराचंद कधीपासून मागतोच आहे.”

“फोन काढून?” नलू म्हणाली.

“मग काय पूजा करायची त्याची?”

ती जागेवर येऊन बसली. फोन निघाला तर रोहणा तारेवरून गेलं ते गेलंच. पण तसं पाहिलं तर आताही कुठं होतं? शनिवारचा दिवस तिनं कसाबसा ढकलला. एवढं रुसायला झालं तरी काय, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात दळण दळत होता. रविवारी सकाळी बंडूजीला म्हणाली, “मी रोहण्याले जाऊन येते.”

“कायले?”

“भांडाले.”

“बरं,” बंडूजी म्हणाला. “डबा घेऊन जाजो.”

छोटी गाडी रमतगमत चालायची. कपाशीची रानं बोंडांनी भरली होती. गाडीत बसून नलूनं काय काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली. तिच्या मनातली आनंदाबाई चांगली उंच, दांडगी, कपाळावर मोठं कुंकू, कमरेवर हात देऊन दारात उभी असलेली. तिच्याशी उभ्यानंच भांडायचं, चहाला म्हटलं तरी बसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

ओसरी सापडायला वेळ लागला नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि त्याखाली काळा फोन रस्त्यावरूनच दिसत होता. फोन मात्र भिंतीवर नव्हता. स्टुलावर ठेवून बाजेच्या उशाशी आणलेला होता. बाजेवर एक लहानखुरी, पोरीएवढी दिसणारी बाई पडून होती. तिचा उजवा हात गोधडीवर निर्जीव पडला होता आणि तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता.

रूपराव वांग्याची टोपली खाली ठेवून पुढं आले. नलूनं नाव सांगितलं. नाव त्यांना कळलं नाही. मग ती म्हणाली, “पुलगाव.”

रूपराव तिच्याकडे बघतच राहिले. मग खाली बसले आणि आयुष्यात बोलले नसतील इतकं एका दमात बोलले.

“पोयाच्या दिवशी बैल पुजता पुजता खाली बसली. लकवा मारला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, पाय थोडा हालते आता, पन वाचा गेली. तुमी इचारत होत्या तवा मी सांगनार होतो, पन हिनं हातानं नाई म्हटलं. पुलगावले सांगू नका म्हने. सकाळी घंटी झाली का मी बोलतो अन् मंग थे हिच्या कानाले लावून धरतो. तुमचं बोलनं ऐकल्याबिगर चहा घेत नाई. तुमी परवा शिव्या घातल्या ना बाई…”

नलूला जमिनीनं दुभंगून पोटात घ्यावं असं झालं. “त्या… मले काय माहीत…”

“तवा हासली,” रूपराव म्हणाले. “लकवा झाल्यापासून पह्यल्यांदा. म्हून मंग दुसऱ्या दिवशीबी मी कानाले तसंच धरून ठेवलं, का तुमी अजून शिव्या द्याव्या.”

नलू बाजेजवळ गेली. तिचा आवाज आपोआप मऊ झाला. “कसं वाटते आता? औषध घेता ना वेळेवर? देव सगळं नीट करन, हो.”

आनंदाबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नलू उभी राहिली. भेटीला येणाऱ्या साऱ्या बायाबापड्या हेच बोलून गेल्या असणार. तिनं डोळे पुसले, घसा खाकरला आणि टोपलीतलं एक वांगं उचललं.

“हेच का रोहण्याचं वांगं?” ती तारेवरच्या आवाजात म्हणाली. “येवढं नाव ऐकून होती. असले वांगे आमच्या पुलगावात ढोराले टाकतात.”

बाजेवरची मान गर्रकन वळली. आनंदाबाईच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला, शब्द नव्हता, पण त्याचा अर्थ कळायला शब्दाची गरजही नव्हती. तिचा डावा हात बाजेच्या लाकडी कडेवर थाड थाड आपटायला लागला. रूपराव घाबरून उठले.

“बी किती हाये याच्यात!” नलू म्हणाली. “याचं भरीत का कराव, याची माळ करून घालाव गळ्यात.”

थाड! थाड! आणि मग त्या हातानं स्टुलावरचा फोन चाचपला, हँडल सापडलं आणि आनंदाबाईनं ते असं काही फिरवलं की पुलगावात आणि आर्वीत रविवारच्या ड्युटीवरची माणसं दचकून उठली असतील. रूपराव हात धरायला गेले, तर तिनं त्यांनाही झटकलं.

नलू उभ्यानं भांडायला आली होती, ती बाजेवर बसली. गाडीच्या वेळेपर्यंत भांडली. परत निघाली तेव्हा रूपरावांनी तिच्या पिशवीत वांगी घातली आणि आनंदाबाईनं डाव्या हातानं त्यातली दोन काढून घेतली.

सोमवारी ती मनोहररावांपुढं उभी राहिली. “साहेब, रोहण्याची माझी तक्रार मागं घेते. तिकडं कुणी ऐकत नाही.”

“काल-परवा तर ऐकत होतं.”

“माझी चूक झाली. तार ओली असन.”

“या उन्हात?” मनोहररावांनी चष्मा काढला. “भोयरबाई, एक तर तिथं कुणी ऐकतं, मग फोन काढावा लागेल. नाही तर तुम्हाला तारेतला फरक कळत नाही, मग तुम्हाला बोर्डावरून काढावं लागेल. दोन्हीपैकी कोणतं लिहू?”

सहा वर्षांत तिच्या कानावर कुणी शंका घेतली नव्हती. कान हीच तिची अब्रू होती. आणि बोर्डावरून उठायचं म्हणजे ज्या आवाजासाठी ही सारी यातायात, त्याच्यापासूनच लांब व्हायचं. तिची जीभ एकदा वळवळली. खरं सांगितलं तर साहेबाला दया येईलही, पण फोन मात्र जाईल. नियमात दयेची जागा नव्हती.

“मले कळत नाई असं लिवा,” ती म्हणाली.

तिला कॉल नोंदवायच्या खिडकीवर बसवलं. बोर्डावरून उठायच्या आधी तिनं घाईघाईनं आर्वीला गाठून रोहण्याची सारी हकीगत सांगितली.

“आर्वी, आता रोज सकाळी तुमी रोहण्याशी बोला. अन् देवाची शपथ हाये, तिच्या कोन्त्याबी गोष्टीले हो म्हणू नका.”

“मला भांडता येत नाही हो,” मंदाबाई कळवळून म्हणाल्या.

“शिका.”

मंदाबाईंनी आयुष्यातलं पहिलं भांडण चकलीच्या भाजणीवरून केलं. बोर्डावर आता बसणारी पोरगी खिडकीशी येऊन नलूला सगळं सांगायची. मंदाबाई आधी माफी मागायच्या, मग म्हणायच्या, “तुमच्या रोहण्याच्या चकल्या मऊ पडतात, राग मानू नका.” तिकडून कडकडून घंटी व्हायची. घंटी म्हणजे विरोध. घंटी नाही, म्हणजे आनंदाबाई पुढचं वाक्य ऐकते आहे. हळूहळू मंदाबाई माफी मागायच्या विसरल्या. मनोहररावांनी एकदा विचारलं, “ही रोहण्याची घंटी सारखी का वाजते?” चिंधू लाइनमन तिथंच विडी शोधत उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तो मधल्या काळात रोहण्याला तारेवरची बाभळीची फांदी तोडायला जाऊन आला होता. म्हणाला, “वाऱ्यानं, साहेब.”

नलू खिडकीवर बसून घंटी ऐकायची. तिचे हात शिवशिवायचे. एका घंटीनंतर किती बोलता आलं असतं, आणि ही मंदाबाई बघा, भाजणी सोडून बेसनावर गेली! घरी येऊन ती बंडूजीला मंदाबाईंच्या चुका समजावून सांगायची. उन्हाळ्यात बोर्डावरच्या पोरीचं लग्न ठरलं, माणूस कमी पडलं, आणि मनोहररावांनी वर न बघता सांगितलं, “जा, बसा जागेवर.”

नलूनं हेडफोन चढवला. दोन आखूड घंट्या दिल्या.

“पुलगाव बोलते. रोहणा, टेस्टिंग.”

रूपरावांनी ‘ठीक आहे’ म्हणायच्या आतच घंटी इतक्या जोरात झाली की तिनं हेडफोन कानापासून लांब धरला. ती घंटी थांबायचं नावच घेईना. इतके महिने कुठं मेली होतीस, असा तिचा स्वच्छ अर्थ होता.

आनंदाबाई त्यानंतर चार वर्षं जगली. शेवटी शेवटी तिला तीन-चार शब्द परत आले, त्यात ‘नाई’ सगळ्यात स्पष्ट होता. ती गेल्यावर रूपरावांनी फोन आपण होऊन ताराचंदाच्या दुकानात पाठवला आणि वाडी भाच्याच्या हवाली करून अल्लीपूरला बहिणीकडे राहायला गेले. मनोहररावांची बदली झाली. जाताना त्यांनी नलूच्या कागदावर तिचा कान चांगला असल्याचं लिहिलं. चिंधू पर्मनंट झाला. मंदाबाई आर्वीतच राहिल्या, त्यांच्या दोन्ही सुना सांगतात की सासूबाई एका शब्दाला दोन शब्द लावतात. बंडूजीनं मिल सोडून गावाकडे भाजी लावली. नलूची वर्ध्याला बदली झाली, आणि तिथं यंत्र आल्यावर, लोक आपले आपण नंबर फिरवू लागल्यावर, तिला तक्रारीच्या टेबलावर बसवलं. ती जागा तिला मानवली. रागावलेली माणसं फोन करायची, आणि नलू खुर्ची पुढं ओढून म्हणायची, “बोला.”